वाकडी चिलीम

संध्याकाळची उन्हं उतरू लागली की शेजारच्या गॅलरीतून एक वास आमच्या घरात येतो. गोडसर, जडसर, साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीवरून वारा आला की यायचा त्याच्या जवळचा, पण मागून सुकलेल्या अंजिराची आणि किंचित करपलेल्या दुधाची छटा असलेला. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. डोळ्यांसमोरची अक्षरं जागच्या जागी राहिली आणि माझे कान मात्र तापले. या वयात माणसाचे कान तापण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. मला तेवढं एक उरलं आहे, आणि ते या वासात आहे.

शेजारी एक तरुण राहतो. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत तो कामाला आहे. सकाळी कंपनीची बस त्याला बारामतीहून नेते, संध्याकाळी आणून सोडते. त्याने हौसेने पाईप घेतला आहे. काडी ओढल्याचा आवाज येतो, पुन्हा येतो, पुन्हा येतो. मग खोकला, मग एक वैतागलेला सुस्कारा. शेवटी एकदा त्याने कठड्यावरून डोकावून विचारलंच, "काका, तुम्ही म्हणे पाईप ओढायचा. मला सांगा ना जरा. माझी जीभ नुसती भाजून निघते."

मी डॉक्टरांच्या धाकाने तंबाखू सोडून दिलेला माणूस. कुणाला ती लावण्याचं पाप पदरात घेणार नाही. पण ज्याने आधीच घेतली आहे त्याने ती निदान नीट घ्यावी, असं मला वाटतं. म्हणून मी त्याला सांगितलं, की तुझी घाई तुझी जीभ भाजते आहे. पाईप ही घाईत असणाऱ्याची वस्तू नाही. तळाची तंबाखू अशी सैल सोडायची की जणू ती आपणहून तिथे पडली. वरची थोडी दाबायची, पण इतकीच की पेटवण्याआधी नुसती हवा ओढून पाहिली तर ती पपईच्या पोकळ देठातून यावी तशी किंचित अडत यावी. पहिली काडी फक्त वरचा थर काळा करण्यापुरती. तो फुगून वर येतो, त्याला बोथट खिळ्याच्या डोक्याने हलकेच बसवायचं, आणि मग दुसरी काडी. त्यानंतर ओढायचं नाही. चहा गरम आहे का हे पाहायला आपण बशीच्या कडेला ओठ लावतो तेवढंच करायचं. धूर छातीत नेऊ नये. तोंडात येऊ द्यावा, राहू द्यावा, जाऊ द्यावा. विझला तर विझला. विझलेला पाईप पुन्हा पेटवण्यात कमीपणा नाही. वाटी हाताला चटका देऊ लागली की पाईप खाली ठेवावा आणि आभाळाकडे बघावं.

तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्या कंपनीत वडगाव निंबाळकरचे एक जण आहेत, ते तुमची गोष्ट सांगत होते. तुम्ही म्हणे व्याह्यांच्या हातातून पाईप हिसकावून घेतला होता, भर बारशात."

तर ही गोष्ट अशी आहे, आणि ती अशी मुळीच नाही. माझ्या हयातीत तिच्या तीन आवृत्त्या निघाल्या. वडगाव निंबाळकरला, जिथे तेव्हा माझं घर होतं, तिथे सांगतात की मी पाईप हिसकावला. इंदापूरच्या बाजूला सांगतात की व्याह्यांनी माझी मस्ती जिरवायला तो मुद्दाम मोडला. तिसरी आवृत्ती कारखान्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांची. तिच्यात मी व्याह्यांना चारचौघांत काहीतरी लागट बोललो, आणि ते काय बोललो हे प्रत्येक जण आपापल्या कुवतीनुसार रचतो. तिन्ही खोट्या आहेत. मी तिथे होतो. सांगणारे बहुतेक जण जेवणाच्या पंगतीकडे डोळे लावून बसले होते. मी हिसकावलं नाही, त्यांनी मुद्दाम मोडला नाही, आणि मी बोललो तर एक अक्षरही नाही. एवढं असूनही मला शरम का वाटते, हे मात्र या तिन्ही आवृत्त्यांतल्या एकाही माणसाने विचारलेलं नाही.

पाईप माझ्याकडे कसा आला इथपासून सुरुवात केली पाहिजे, कारण त्याबद्दलही लोकांनी हवं ते पसरवलं आहे. मी तो साहेबी मिरवण्यासाठी विकत घेतला नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या सहकारी साखर कारखान्यात नवा बॉयलर उभा राहत होता. मी शेती अधिकारी. माझं काम उसाशी, बॉयलरशी नव्हे. पण त्या कामावर मुंबईहून आलेला एक इंजिनिअर संध्याकाळी अतिथिगृहाच्या ओट्यावर एकटाच बसलेला असे, आणि मीही गाळपाच्या गडबडीतून डोकं सोडवायला तिथे जाऊन बसे. तो फारसा बोलत नसे. त्याचा पाईप मात्र त्याच्यासोबत असा नांदत असे, की त्या दोघांना तिसऱ्याची गरज नसावी. चिमणीचा धूर सरळ वर जायचा आणि ह्या माणसाचा धूर त्याच्या चेहऱ्याभोवती रेंगाळायचा. काम संपवून जाताना त्याने आपल्याजवळचा एक कोरा, अजून न वापरलेला पाईप मला दिला. म्हणाला, हा शिकायला वेळ घेतो, पण तुमच्यासारख्या भांडखोर माणसाला बरा. तोंडात पाईप असला की वाद घालता येत नाही.

मी शिकलो. आधी जीभ भाजली, मग डोकं गरगरलं, मग एकदा कपाशीच्या बांधावर उलटी झाली. सोबतच्या चिटबॉयने, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या पोराने, ती उन्हाने झाली असं सगळ्यांना सांगून माझी अब्रू राखली. पुण्याहून आणलेला डबा आमच्याकडच्या उन्हात चार दिवसांत वाळून चुरा होई. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यात मी गुळाचा खडा ठेवला, तर तंबाखू ओली झाली खरी, पण साऱ्या वारुळाला आमंत्रण गेलं. मुंग्यांसकट तंबाखू पेटवली की ती बारीक तडतडते, हा माझ्या अनुभवातला भाग मी शेजाऱ्याला अजून सांगितलेला नाही. पुढे बटाट्याची चकती ठेवू लागलो आणि ते जमलं. हळूहळू वाटीच्या आत काजळीचा पातळ थर धरू लागला. हा थर म्हणजे पाईपाचं बाळसं. तो धरेपर्यंत लाकूड कोवळं असतं, फार जाळ सोसत नाही. माझा पाईप त्या वयात होता तेव्हाच माझ्या मुलीला मुलगी झाली.

मुलगी दिली होती इंदापूर तालुक्यात, लोणी देवकरच्या शिवारात. तिच्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणे. आमची दोन्ही घराणी एके काळी मेंढरं राखणारी. माझे वडील, आमचे तात्या, बारामतीकडच्या लोणी भापकरच्या माळापासून पार खालपर्यंत कळप घेऊन हिंडले. मी शिकलो आणि कारखान्याच्या कचेरीत बसलो. आबांनी मेंढरं उशिरा सोडली. पाणी आलं तशी शेती वाढवली, मुलांना शिकवलं, पण खांद्यावरची घोंगडी आणि कमरेची चिलीम मात्र राहू दिली. तंबाखूची हो, दुसरी कसली नव्हे. त्यांच्या वस्तीवर गेलं की ओट्यावर ती फिरायची: एकाने भरायची, दुसऱ्याने पेटवायची, बुडाला ओल्या चिंधीची छापी गुंडाळून मुठीतून ओढायची आणि शेजाऱ्याच्या हातात द्यायची. हात पुढे आला आणि त्यात चिलीम पडली नाही, असं त्या ओट्यावर कधी घडलं नसेल. शेवटचा झुरका ज्याचा, त्याने ती दगडावर उलटी झटकून, राख पाडून, रिकामी आणि स्वच्छ करून मालकाच्या हाती द्यायची. उष्टी राख मालकाला काढायला लावणं म्हणजे जेवून ताट तसंच सोडून उठण्यासारखं. मी तिथे गेलो की माझ्यापाशी आलेली चिलीम नुसती कपाळाला लावून पुढे देत असे. आबा हसायचे. "साहेबांचा मान राह्यला," म्हणायचे. त्यात टोमणा होता असं मला तेव्हा वाटत नसे. आताही वाटत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसं आमच्याकडे होतं. आबा सकाळीच आले. नातीसाठी झबली-टोपडी, वाळे आणि काळ्या मण्यांच्या मनगट्या, आणि घरच्या कालवडीचं नाव नातीवरून ठेवायचं की नातीचं कालवडीवरून, हा विनोद, एवढं सगळं घेऊन. अंगणात मांडव घातला होता. बायका आत पाळण्याभोवती, पुरुष बाहेर. एका बाजूला माझे कारखान्यातले लोक, बुशशर्ट घातलेले. दुसऱ्या बाजूला आबांकडचे पटकेवाले. मधली जागा रिकामीच राहिली होती. त्या दोन गटांना एकमेकांशी काय बोलावं हे सुचत नव्हतं. मी पाईप पेटवला. मिरवायला पेटवला असं म्हणतात. माझी ती वेळच होती. मात्र त्या वेळी मी खुर्ची मांडवाच्या मधोमध ओढून घेतली होती, हे खरं आहे, आणि ते कुणीच सांगत नाही म्हणून मला सांगावं लागतं.

धूर पाहून आबांचा चेहरा खुलला. ते उठून माझ्याशेजारी येऊन बसले आणि मांडी थोपटत म्हणाले, "च्यामारी! म्हंजे हितं बी चालतं तर! आमी आपलं लाजून चिलीम घरीच ठिवली. म्हटलं साहेबाच्या दारात शिकली-सवरली मान्सं असत्यात, कशाला वास. आन् हितं तर साहेबच जाळ करून बसल्यात."

"आबा, ही इंग्रजी चिलीम हाय," पटकेवाल्यांतून कुणी म्हणालं.

"दिसती की. वाईच वाकडी झालीया एवढंच." आणि त्यांनी हात पुढे केला.

मी दिला. दोन्ही हातांनी दिला. हिसकावल्याची कहाणी सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आबांनी पाण्याच्या तांब्यात टॉवेलाचं टोक बुडवलं, पिळलं, दांडीच्या टोकाला छापीसारखं गुंडाळलं, मूठ वळली आणि गाल आत जाईपर्यंत ओढलं. पाईपाच्या वाटीतून बोटभर ज्वाळ वर आली. चिलीम ओढायची ती अशीच. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण ते कोवळं लाकूड होतं. मला दिसत होतं, वाटीची कड काळवंडते आहे. 'हळू' हा एक शब्द बोललो असतो तर पुरेसा होता. तो मी बोललो नाही, कारण मुलीच्या सासऱ्याला, वयाने मोठ्या माणसाला, त्याच्या गणगोतासमोर आणि माझ्या बुशशर्टवाल्यांसमोर कसं ओढायचं ते शिकवणं मला शोभलं नसतं. आमच्यात ते कुणालाच शोभलं नसतं. मी रीत पाळून गप्प राहिलो. आबांनी मान वर करून धूर सोडला, "गोड हाय, पर मऊ हाय. बाळंतिणीला चालंल," म्हणाले, आणि सगळा मांडव हसला. मधली रिकामी जागा त्या हसण्याने भरून गेली. बारशातला तो सर्वांत चांगला क्षण होता. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या क्षणांतही तो बसेल.

मग त्यांनीही रीत पाळली. तंबाखू जळून गेली होती. शेवटचा झुरका त्यांचा होता. राख पाडून रिकामा पाईप मालकाच्या हाती देणं हे त्यांचं काम होतं. ते वाकले, आणि पायरीच्या दगडावर त्यांनी पाईप झटकला, मातीच्या चिलमीला जेवढा जोर लागतो तेवढ्याच जोराने. तापलेली दांडी सांध्यात तुटली. वाटी घरंगळत तुळशीच्या कट्ट्यापाशी गेली आणि आबांच्या हातात नुसती नळी उरली, ओल्या टॉवेलाचं टोक गुंडाळलेली.

"आबा, साहेबाचा साहेब मोडला की वो तुमी!" माझ्याच बाजूचा कुणीतरी ओरडला, आणि पुन्हा हशा उठला. आबाही हसू लागले होते. अर्धं हसले होते. त्याच वेळी मी उठलो, वाटी उचलली, त्यांच्या हातातून नळी घेतली, खिशातला रुमाल पायरीवर पसरला, दोन्ही तुकडे त्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि रुमालाची चारी टोकं एकावर एक दुमडली.

एवढंच घडलं. माझ्या बाजूने सांगायचं तर वाटी गरम होती आणि नळी ओली. रुमाल नको तर काय हवं? पण घडी घालून मी वर पाहिलं तेव्हा आबांचं हसू थांबलेलं होतं. त्यांचे हात अजून तसेच पुढे होते, रिकामे. मग त्यांनी ते घोंगडीत घेतले. जेवायला बसले, पण आग्रह करायला मी गेलो तर मान खाली. नातीला मांडीवर घेतलं नाही. म्हणाले, हात तंबाखूचं हायती. आणि ऊन कलायच्या आत माणसं गोळा करून निघाले.

रात्री माझी पत्नी भांडी आवरत होती. मी म्हणालो, मी तर एक शब्द बोललो नाही. ती पाठमोरीच म्हणाली, "बोलला असता तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तरी त्यो मानूस हसून ग्येला असता. तुमी ते तुकडं असं उचाललं, जसं काय बाळ पडलंय. आत नातीचं नाव ठिवत हुते आन् भायेर तुमी लाकूड निजवीत हुता."

बाळाला तिसरा महिना सरता सासरी न्यायचं, तेव्हा न्यायला सासऱ्याने यावं असं आमच्यात धरतात. जावई आले, त्यांचे चुलते आले. आबा आले नाहीत. रानात काम निघालं, असं सांगितलं. माझ्याकडच्यांनी लगेच तोंड सोडलं: व्याही रुसला, व्याह्याला मान हवा. मी त्यांना गप्प केलं, पण आतून मीही थोडा तसाच फुणफुणत होतो. पाईप माझा मोडला आणि रुसायचं त्यांनी! त्या काळात माझा सारा अभिमान याच एका हिशोबावर पोसला होता.

मुलीला भेटायच्या निमित्ताने मी त्यांच्या वस्तीवर गेलो. तेव्हा तिकडे औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी मोजल्या जात होत्या. माळावर पांढरे रंगवलेले खुणेचे दगड उभे होते आणि त्यांच्यामधून शेळ्या चरत होत्या. मला एसटीच्या थांब्यापासून चालत येताना पाहून ओट्यावरचा एक पटका उठला आणि कडब्याच्या गंजीमागे गेला. मी तो ओळखला. मुलीने चहा आणला. "आबा रानात गेल्यात," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. मी चहा बशीत ओतला. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, तुमी आला की ते रानातच असत्यात. बाया मला इचारत्यात, तुझ्या बापानं काय केलं? मी काय सांगू?"

"काय सांगायचं त्यात? मी काहीच केलं नाही."

"आबांनी चिलीम सोडली," ती म्हणाली. "बारशावरनं आल्याधरनं. कुणी फुडं केली तर म्हंत्यात, माझ्या हाताला आता तिची सवय न्हाय."

ओट्यावर माणसं बसलेली होती, चिलीम फिरत होती, आणि घरच्या मालकाची जागा ओलांडून एका हातातून पलीकडच्या हातात जात होती. ज्या माणसाने साऱ्या शिवाराला हात पुढे करायला शिकवलं, तो आपले हात लपवू लागला होता. बापाच्या एका घडी घातलेल्या रुमालापायी माझी मुलगी त्या घरात मान खाली घालून वावरत होती. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. माझ्याजवळ साऱ्या जगाला द्यायला उत्तरं तयार होती, पण विचारणारं कुणी नव्हतं.

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात तात्यांची चिलीम होती, काळी पडलेली, तोंडाशी एक टवका उडालेली, बुडाला तांब्याची तार गुंडाळलेली. तात्या मला भेटायला कारखान्याच्या कचेरीत येत, तेव्हा आवारात असेपर्यंत ती कधी बाहेर काढत नसत. मी त्यांना तसं कधीही सांगितलं नव्हतं. हे मी पुन्हा स्पष्ट करतो: सांगितलं नव्हतं.

वर्ष उलटल्यावर नातीचं जावळ काढायचं ठरलं. ते आबांच्या वस्तीवर, त्यांच्या देवापुढे. मामाच्या मांडीवर बाळ बसलं, केस उतरले, रडं झालं, बोकडाचं कालवण चुलवणावर रटरटू लागलं. पुरुष कडुलिंबाखाली बसले. बारशाला होते त्यांतले बरेच जण होते, आणि माझ्याकडे पाहून त्यांच्यात काय कुजबुज चालली होती ते मला ऐकू न येताही कळत होतं. आबा त्यांच्यात नव्हते. ते चुलवणापाशी उभे राहून ज्याला गरज नव्हती तो जाळ सारत होते. मी उठलो आणि सगळ्यांच्या देखत तिकडे गेलो. चालताना माझे पाय मला फार मोठे वाटले.

"आबा, चिलीम भरा."

"सोडली, पावणं." त्यांनी जाळाकडेच पाहिलं. पूर्वी ते मला साहेब म्हणत.

मी खिशातून तात्यांची चिलीम काढून पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. हात धोतराला पुसले, मग घेतली, उलटीसुलटी केली, बुडाची तार बोटाने चाचपली, नाकाशी धरली.

"कुनाची?"

"आमच्या तात्यांची."

त्यांनी ती तळहातावर तोलली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, टोमणा नव्हता. खरोखरच न कळलेली गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं:

"मंग घरात ही असताना त्यो वाकडा कशापायी घेतला हुता?"

मी आयुष्यभर उत्तरं दिली. साहेबांना दिली, संचालकांना दिली, ऊस तोडायला उशीर झाला म्हणून अंगावर धावून आलेल्या सभासदांना दिली. या लेखात आत्तापर्यंत मी किती जणांना उत्तरं दिली ते वाचणाऱ्याने पाहिलंच आहे. त्या प्रश्नाला माझ्याजवळ काही नव्हतं. चुलवणातला जाळ तोंडावर येत होता आणि मी उभा होतो. आबांनी थोडी वाट पाहिली, आणि मग, माझी दया येऊन असेल, ते खाली बसले. "बसा," म्हणाले. कुणाकडून तरी तंबाखू मागवली, चिलमीच्या बुडातला खडा धुऊन बसवला, चुलवणातला निखारा वर ठेवला आणि चिलीम माझ्या हातात दिली. "मूठ आवळा. सैल धरू नगा. आन् चोचीनं प्यायचं न्हाय हां, छातीनं वढायचं." इंजिनिअरने शिकवलेलं सगळं उलटं करायचं होतं. मी ओढलं. खोकल्याने माझा जीव कासावीस झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, चष्मा पडला. कडुलिंबाखालची सगळी माणसं हसली, माझी आणि त्यांची दोन्हीकडची. "साहेबाला ठसका लागला!" "आरं, पानी आना!" आबा हसले नाहीत. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तो हात घोंगडीबाहेर आलेला साऱ्यांनी पाहिला. दाराशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीनेही पाहिला.

चिलीम संपली. शेवटचा झुरका आबांचा होता. त्यांनी ती उलटी धरली, चुलवणाच्या दगडावर नेली आणि हात मध्येच थांबला. दगडापासून वीतभर वर. मग त्यांनी ती तशीच, राखेसकट माझ्यापुढे केली.

"तुमीच झटका," ते म्हणाले.

मी म्हणालो, आबा, मातीची आहे, काही होत नाही. ते म्हणाले, "व्हय. तरी बी तुमीच झटका."

त्यानंतर ते आमच्या घरी येऊ लागले. नातीला शाळेत घालायला आले, सणाला आले, माझी पत्नी गेली तेव्हा आले आणि तेरा दिवस राहिले. मुलीची मान वर झाली. मीही त्या चिलमीला सरावलो. पाईप पुन्हा घेतला नाही. लोकांना वाटलं, मिटलं. मिटलं होतंच. पण जितक्या वेळा आम्ही दोघं बसलो तितक्या वेळा शेवटी ते हात आखडून घेत आणि राखेने भरलेली चिलीम माझ्या हाती देत. "तुमीच झटका, पावणं." ज्यांच्या ओट्यावर उष्टी राख मालकाच्या हाती देणं हा असभ्यपणाचा कळस होता, त्यांनी तो असभ्यपणा मरेपर्यंत माझ्याशी केला, भीतीपोटी. मी दर वेळी दगडावर ती झटके आणि दर वेळी माझे कान तापत. आता आबा नाहीत. ज्या माळावर शेळ्या चरत होत्या तिथे, आणि त्यांच्या वस्तीच्या जागीही, कारखान्यांच्या शेड आहेत. त्यांतल्याच एकीत माझा शेजारी दिवसभर काम करतो. पायाखाली कुणाचा ओटा होता हे त्याला ठाऊक नाही, आणि त्याला ते ठाऊक असावं असा माझा आग्रहही नाही.

तो आता बरा ओढतो. जीभ भाजत नाही. वाटीत काजळी धरू लागली आहे, त्याने मला दाखवली. सैल भरणं, दोनदा पेटवणं, हळू पिणं, सगळं मी त्याला सांगितलं. एक तेवढं राहिलं आहे. पाईप शिकवणारा कुणीही जे अगदी आधी सांगतो ते: तापलेला पाईप दगडावर कधी झटकू नये. थंड होऊ द्यावा, काडीने राख हळूच उकरावी. मी हे कित्येकदा ओठांवर आणलं, आणि गिळलं. ते सांगायचं तर त्या मांडवात आबांचं चुकलं असं म्हटल्यासारखं होतं, आणि तेवढं मी म्हणणार नाही; कुणी म्हणालं तर त्याच्याशी भांडेन.

म्हणून रोज संध्याकाळी वास विरळ होत आला की मी कान देऊन बसतो. पलीकडे तो उठतो, कठड्यापाशी येतो, आणि दगडी कठड्यावर आवाज होतो: टक, टक. कधीतरी तो पाईप मोडेल. तेव्हा तो पोरगा काय करेल, कुणाच्या हातात ते तुकडे असतील आणि कोण कुणाच्या तोंडाकडे आधी बघेल, हे मला ठाऊक नाही. आज मोडला नाही. मी गुडघ्यांवरचे हात सैल सोडले आणि दिवा लावायला उठलो.